कंपायलरची वेगळी चूल

नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात ज्यांनी लिनक्सवर सी लिहायला घेतलं, त्यांना २.७.२ हा आकडा आजही झोपेतून उठवून विचारला तरी आठवेल. ही जीसीसी या कंपायलरची आवृत्ती. ती नोव्हेंबर १९९५मध्ये आली आणि पुढची मोठी आवृत्ती, २.८.०, यायला जानेवारी १९९८ उजाडला. मधल्या काळात २.७.२.१, २.७.२.२, २.७.२.३ अशी शेपटी लांबत गेली, पण डागडुजीपलीकडे त्यात फारसं काही नव्हतं. त्याच दोन वर्षांत इंटेलचे नवे प्रोसेसर आले, सी++चं प्रमाणीकरण शेवटच्या टप्प्यात पोहोचलं आणि लिनक्स हौशी लोकांच्या खोल्यांतून निघून सर्व्हरवर जाऊन बसला. ज्या कंपायलरच्या जिवावर हे सगळं उभं होतं, तो मात्र जागचा हलत नव्हता.

पुण्यात शिकणाऱ्या आम्हा पोरांना तेव्हा यात काही वावगं वाटत नसे. कॉलेजच्या लॅबमध्ये टर्बो सीची निळी खिडकी होती. (कित्येक कॉलेजांत ती अजून आहे, आणि ते पाहून मला खरंच वाईट वाटतं.) जीसीसी आमच्यापर्यंत आला तो ‘पीसी क्वेस्ट’ मासिकासोबत मिळणाऱ्या लिनक्सच्या सीडीवरून. ती सीडी या हॉस्टेलवरून त्या हॉस्टेलवर फिरायची. कंपायलरचा सोर्स कोडही आपल्याला मिळू शकतो, हे कळलं तेव्हा त्यावर विश्वास बसायला वेळ लागला. टर्बो सीच्या पोटात काय आहे, हे बघायची कल्पनाही कुणाच्या मनात आली नव्हती. इथे प्रत्येक फाइलच्या डोक्यावर लिहिलेलं असायचं की हे वाचा, बदला, वाटा. आणि परवान्याची प्रत सोबत मिळाली नसेल तर अमुक पत्त्यावर कळवा. जुन्या फाइलींवर पत्ता होता ६७५, मॅस अव्हेन्यू, केम्ब्रिज. नंतरच्या फाइलींवर ५९, टेम्पल प्लेस, बॉस्टन. फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनचं बिऱ्हाड हललं की जगभरच्या हजारो फाइलींतला पत्ता बदलायचा. आता तिथे वेबसाइटचा दुवा असतो.

तो कंपायलर स्वतः बांधणं हा एक सोहळा होता. कंपायलर बांधायला आधी एक कंपायलर लागतो. मशीनवर जो असेल त्याने नवा बांधायचा. त्या नव्याने स्वतःलाच पुन्हा एकदा बांधायचं. त्यातून जो निघेल, त्याने तिसऱ्यांदा. मग दुसऱ्या आणि तिसऱ्या फेरीच्या ऑब्जेक्ट फाइली एकमेकींशी ताडून बघायच्या. सोर्स एकच, आणि बांधणारे दोन्ही कंपायलरही त्याच सोर्समधून आलेले, तेव्हा त्या तंतोतंत जुळायलाच हव्यात. जुळल्या नाहीत, तर कंपायलर स्वतःलाच नीट उतरवू शकत नाही, असा त्याचा अर्थ. याला बूटस्ट्रॅप म्हणतात. माझ्या मित्राकडे ४८६ होता, मेमरी बेताचीच. आम्ही रात्री जेवून काम लावून द्यायचो, हार्ड डिस्कची कुरकुर पहाटेपर्यंत चालायची, आणि सकाळी पडद्यावर ‘बूटस्ट्रॅप कंपॅरिझन फेल्युअर’ एवढीच ओळ दिसली, की अख्खी रात्र पाण्यात. आज माझ्या लॅपटॉपवर चहा-नाश्ता होईतो तिन्ही फेऱ्या उरकतात. ती पडताळणी मात्र तशीच आहे, आणि ती जुळल्याचं दिसलं की आजही बरं वाटतं.

सोर्स असा हातात होता. पण तो सोर्स ज्या कामातून घडत होता, ते काम कुणाला दिसत नव्हतं. हा फरक मला फार उशिरा समजला आणि आज तो मला सगळ्यात मोठा वाटतो. दोन आवृत्त्यांच्या मधल्या काळात जीसीसीचं जे चालू रूप असे, ते निवडक लोकांच्या गटापुरतं होतं. मधल्या प्रती बाहेर वाटायच्या नाहीत, असा रिवाज होता. बदल कुठला घ्यायचा, कुठला नाही, याचा शेवटचा शब्द रिचर्ड केनर यांचा. ते न्यूयॉर्क विद्यापीठातले, अतिशय जाणकार. त्यांच्यावर जीसीसीचे मूळ कर्ते रिचर्ड स्टॉलमन आणि फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनचा विश्वास. बाहेरच्या माणसाने चूक शोधून पॅच पाठवला, तर तो पोहोचला की नाही, घेतला की नाही, नसेल तर का नाही, हे कळायला पुढच्या आवृत्तीची वाट बघावी लागे. आणि पुढची आवृत्ती तर येतच नव्हती.

केनर यांची बाजूही समजून घ्यायला हवी. जीसीसी तेव्हा सन, व्हॅक्स, अल्फा अशा कितीतरी वेगवेगळ्या मशिनींवर चालायचा. पेंटियमवर चार टक्के वेग वाढवायला म्हणून केलेला बदल अल्फावर चुकीचे आकडे काढू शकतो. कंपायलर चुकला, की चूक दिसते दुसऱ्याच्याच प्रोग्राममध्ये, आणि बिचारा प्रोग्रामर स्वतःच्या कोडमध्ये दिवसेंदिवस शोधत बसतो. अशा साधनाला जपणारा माणूस हात आखडता घेणारच. स्टॉलमन यांनी १९८७च्या मार्चमध्ये पहिली चाचणी आवृत्ती लोकांपुढे ठेवली आणि त्याच वर्षी १.० आली, ती सुमारे १,१०,००० ओळींची होती. जिद्दीच्या माणसाने वर्षभर ठाण मांडलं तर ती आद्योपांत वाचून होईल. त्या कोडला एका माणसाच्या हाताचं वळण होतं, आणि ते वळण टिकावं असं सांभाळणाऱ्याला वाटणं मला चुकीचं वाटत नाही. आजचा जीसीसी कोटी ओळींच्या वर गेला आहे. तो सगळा वाचलेला माणूस पृथ्वीच्या पाठीवर नाही.

पण थांबलेल्या लोकांची रांग वाढत गेली. फोरट्रानवाले, पेंटियमसाठी कोड वेगवान करणारे पीजीसीसीवाले, लिनक्सवाले, आणि सिग्नस कंपनी, जी १९८९पासून याच मोफत साधनांना आधार देऊन पोट भरत होती. प्रत्येकाकडे आपापल्या दुरुस्त्यांचा ढीग साठला होता. मूळ सोर्सच्या झाडात ते जाईनात, म्हणून जो तो आपली सुधारलेली प्रत बाळगू लागला. याच सुमारास, मे १९९७मध्ये, एरिक रेमंड यांनी जर्मनीत व्युर्त्सबुर्गच्या लिनक्स परिषदेत ‘द कथीड्रल अँड द बझार’ हा निबंध वाचला. सोर्स खुला पण दोन आवृत्त्यांच्या मधलं काम बंद दाराआड, या पद्धतीचं उदाहरण म्हणून त्यांनी ईमॅक्ससोबत जीसीसीचंच नाव घेतलं होतं.

ऑगस्ट १९९७मध्ये या मंडळींनी वेगळी चूल मांडली. नाव ठेवलं ईजीसीएस, उच्चार ‘एग्ज’. सिग्नसच्या डेव्हिड हेन्केल-वॉलेस यांनी केलेल्या घोषणेत एक खंत होती: प्रत्येकाची प्रत इतकी वेगळी होत चालली आहे, की जणू प्रत्येकाकडे आपापला खासगी, बंद कंपायलरच आहे. ती घोषणा मी वाचली ती पुष्कळ नंतर, पण तिचा सूर मला आजही आवडतो. त्यात भांडण उकरून काढलेलं नाही. जुन्या कंपायलरच्या स्थैर्याला धक्का लावायचा नाही, परवाना तोच ठेवायचा, आणि कोडचे हक्कही पूर्वीसारखेच फाउंडेशनच्या नावे करायचे, असं आधीच ठरवलेलं होतं. परतीची वाट त्यांनी मोडली नाही. फुटून निघालेल्या प्रकल्पांत हे शहाणपण क्वचित दिसतं.

कामाची पद्धत मात्र मुळापासून बदलली. चालू सोर्सचं झाड कुणालाही बघता येईल, असं ठेवलं. नाव न सांगता सीव्हीएस या आवृत्त्या सांभाळणाऱ्या साधनावरून आज सकाळची प्रत उतरवून घेता यायची. ज्यांना तेवढं परवडत नव्हतं, त्यांच्यासाठी ठरावीक दिवसांनी मधली प्रत निघायची आणि तिच्यासोबत मागच्या प्रतीपासून काय बदललं, एवढीच छोटी फाइल. ती छोटी फाइल म्हणजे आमच्यासारख्यांची सोय. विदेश संचार निगमचं कनेक्शन, मोडेमची किणकिण, रात्री उशिरा फोनचं बिल कमी येतं म्हणून जागरण, आणि मध्येच घरातल्या कुणी फोन उचलला की सगळं मुसळ केरात. पूर्ण सोर्स उतरवायला हिंमत लागायची, बदलांची फाइल पटकन यायची.

त्या फाइलींनी मला जे शिकवलं ते कुठल्या पुस्तकाने शिकवलं नाही. प्रत्येक बदलाची चेंजलॉगमध्ये नोंद असायची: तारीख, नाव, फाइल, फंक्शन, काय केलं. सोमवारी एका दिग्गजाने बदल घातलेला दिसे आणि गुरुवारी तोच बदल मागे घेतलेला. मधे कुणीतरी, कुठल्यातरी आडबाजूच्या मशीनवर, तो मोडतो हे दाखवून दिलेलं असे. प्रोसेसरच्या एकेका सूचनेचं वर्णन करणाऱ्या ‘मशीन डिस्क्रिप्शन’ फाइली, त्यातल्या कंसांची ती गर्दी, नुसती वाचून कधी उलगडली नसती. पण एका कंसातली अट बदलली आणि तिच्या खाली तिच्यासाठी लिहिलेला दहा ओळींचा चाचणी प्रोग्राम वाचला, की अट का होती ते कळायचं. तयार सोर्स वाचताना लिहिणारे लोक देवासारखे वाटतात. घडताना बघितलं, की तेही चुकतात, विचारतात, पुन्हा करतात, हे दिसतं. मग आपणही विचारावं, असं धैर्य येतं.

ईजीसीएस १.० डिसेंबर १९९७मध्ये आला आणि वर्ष-दीड वर्षात लिनक्सच्या मोठ्या वितरणांनी तो घेतला. रेड हॅट ६.० ईजीसीएस १.१.२ घेऊनच निघालं होतं. मूळ जीसीसी मागे पडला, हे उघड होतं. एप्रिल १९९९मध्ये फाउंडेशनने ईजीसीएसच्या सुकाणू समितीलाच जीसीसीची अधिकृत जबाबदारी दिली आणि जुलै १९९९च्या शेवटी २.९५ बाहेर पडला. वेगळी चूलच मूळ घराचं स्वयंपाकघर झाली. एकट्या माणसाच्या किंवा एकट्या कंपनीच्या हाती सूत्रं जाऊ नयेत, अशी समितीची रचना होती आणि अजूनही आहे. मला विशेष भावते ती पुढची गोष्ट. केनर यांच्या मंडळींनी घडवलेला अ‍ॅडा भाषेचा कंपायलर २००१मध्ये याच मोकळ्या झाडात आला. ज्यांनी दार सांभाळलं होतं, तेही आत येऊन सगळ्यांसोबत बसले.

मोकळीक आली म्हणून सगळं सुरळीत झालं, असं मात्र नाही. काम उघड्यावर चालू झालं की अर्धवट कामही उघड्यावर पडतं. २०००मध्ये रेड हॅट ७.०मध्ये जीसीसीची एक मधली प्रत २.९६ या नावाने गेली. त्या क्रमांकाची आवृत्ती आम्ही काढलेलीच नाही, असं समितीला जाहीर करावं लागलं. तो आकडा वगळून जून २००१मध्ये थेट ३.० आला.

आमच्या पुण्यात या मोकळिकीचा अर्थ फार लवकर पोहोचला, आणि हे पुण्यातही कमी लोकांना ठाऊक आहे. केपीआयटीमध्ये एक गट हिताची, पुढे रेनेसास, कंपनीच्या एसएच आणि एच८ या प्रोसेसरसाठी जीसीसी आणि त्याच्या सोबतीची साधनं बांधून, तपासून, मोफत वाटत असे. जगभरचे एम्बेडेड क्षेत्रातले लोक पुण्याहून आलेला कंपायलर उतरवून घ्यायचे आणि अडलं की पुण्याला विचारायचे. पुढे नॅशनल सेमीकंडक्टरच्या सीआर१६ प्रोसेसरचा आधार याच कंपनीतल्या अभियंत्यांनी जीसीसीत घातला. कामाचं झाड बंद असतं, तर हे इतक्या दुरून जमणं मला शक्य वाटत नाही.

तेव्हाच्या एका कटकटीची आठवण आजच्या मुलांना सांगितली, की ती चकित होतात. थोडा मोठा बदल द्यायचा, तर आधी कागद. कोडचे हक्क फाउंडेशनच्या नावे केल्याचा करारनामा बॉस्टनहून यायचा, त्यावर सही करून तो टपालाने परत पाठवायचा. शिवाय तुम्ही नोकरीत असाल, तर मालकाचीही सही, की या कामावर आमचा दावा नाही. मी ज्या कंपनीत होते, तिथल्या कायदा विभागात माझा कागद कित्येक महिने पडून राहिला. ‘आपल्या कर्मचाऱ्याचं काम आपण फुकट का द्यायचं?’ हा प्रश्न त्यांना सुटत नव्हता, आणि त्यांना समजावून सांगताना माझ्याही तोंडाला फेस आला. माझ्या ओळखीतल्या दोघा-तिघांनी याच टप्प्यावर नाद सोडला. जून २०२१मध्ये जीसीसीच्या समितीने ही सक्ती उठवली. आता पॅचच्या तळाशी नाव आणि ईमेल घालून एक ओळ लिहायची, की हे देण्याचा मला हक्क आहे. झालं.

बाकी ‘आता’चं काय सांगावं! २००५मध्ये झाड सबव्हर्जनवर गेलं, जानेवारी २०२०मध्ये गिटवर. कित्येक दशकांचा इतिहास मुलांच्या लॅपटॉपवर असतो आणि कुठली ओळ कुणी कधी लिहिली, हे एका आज्ञेत कळतं. मॅट गॉडबोल्ट यांनी २०१२मध्ये सुरू केलेल्या ‘कंपायलर एक्स्प्लोरर’वर डावीकडे सी लिहावं आणि उजवीकडे यंत्रसूचना उमटताना बघाव्यात. आम्ही असेंब्लीची फाइल काढून पेन्सिलीने खुणा करायचो. आयआयटी मुंबईत प्रा. उदय खेडकर यांनी जीसीसी रिसोर्स सेंटरमार्फत कार्यशाळा घेतल्या, या अवाढव्य कोडमध्ये शिरायची वाट आखून दिली. ते आमच्या वेळी असतं तर, असं फार वेळा वाटून जातं.

जीसीसीने केलं, ते ग्लिबसीला जमायला आणखी बारा-तेरा वर्षं लागली. लिनक्सवरचा जवळजवळ प्रत्येक प्रोग्राम ज्या मूळ लायब्ररीवर चालतो, ती ही. तिचा कारभारही दीर्घकाळ मोजक्या हातांत होता. कंटाळून डेबियन या लिनक्स वितरणाने २००९मध्ये ईग्लिबसी ही दुसरी शाखा धरली. मार्च २०१२मध्ये ग्लिबसीच्या सुकाणू समितीने स्वतःलाच विसर्जित करून निर्णय काम करणाऱ्यांच्या सहमतीवर सोपवले, आणि २०१४मध्ये डेबियन परत आलं. २०१७च्या दोन्ही आवृत्त्या प्रसिद्ध करायची जबाबदारी पुण्यातल्या एका अभियंत्याने सांभाळली. १९९६मध्ये हे कुणी सांगितलं असतं, तर आम्ही हसलो असतो.

मग २०२४चा मार्च आला. एक्सझेड हे फाइली दाबून लहान करणारं साधन, जवळपास प्रत्येक लिनक्सवर असलेलं, आणि वर्षानुवर्षं एका थकलेल्या माणसाच्या खांद्यावर. ‘जिया तान’ या नावाने कुणीतरी २०२१पासून मदतीला आलं, पॅच देत विश्वास कमावला, सहदेखभालकर्ता झालं आणि ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत चोरवाट घालून ठेवली. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला एसएसएचने लॉगिन करताना अर्ध्या सेकंदाचा उशीर खटकला, त्याने पाठपुरावा केला, म्हणून ते उघडकीला आलं. त्या आठवड्यात काही जण म्हणत होते, की केनर यांच्यासारखा माणूस दाराशी हवा. मला ते पटत नाही. एक्सझेडचं दार उघडं होतं, पण आत बसून वाचणारं माणूस एकच होतं, आणि त्याच्यावर घाई करा म्हणून दबाव आणणारे बाहेर बरेच होते. फ्रॉइंडला चोरवाट सापडली, तीही सगळं उघडं असल्यामुळेच सापडली.

माझी काळजी वेगळी आहे. तेव्हा पॅच केनर यांच्या टेबलावर अडायचा, आता तो गर्दीत अडतो. जीसीसीत आज येणारं बरंचसं काम पगारी अभियंत्यांचं आहे, प्रोसेसर आणि वितरण कंपन्यांतल्या. नवा कोड लिहायला त्यांना वेळ दिला जातो. दुसऱ्याचा कोड वाचायला कुणी वेळ मोजून देत नाही. म्हणून पॅच पाठवायचा, आठवडाभर थांबायचं, मग ‘पिंग’ असा एका शब्दाचा निरोप टाकायचा, पुन्हा थांबायचं, पुन्हा ‘पिंग’. हौसेने आलेला माणूस दुसऱ्या-तिसऱ्या पिंगनंतर निघून जातो आणि तो गेल्याचं कुणाला कळतही नाही. पूर्वी नकार द्यायला माणूस तरी होता.

आमच्या गटात सोलापूरची एक मुलगी आहे, जीसीसीतल्या रिस्क-फाइव्ह प्रोसेसरच्या भागावर काम करते. तिचा पहिला पॅच असाच लटकला, तेव्हा मी तिला सांगितलं, की वाट बघताना दुसऱ्या कुणाचा तरी पॅच घे, बांधून बघ, चाचण्या चालव आणि काय आढळलं ते सविस्तर लिही. मंजुरीचा अधिकार लागत नाही त्याला. तिने एका अनोळखी माणसाचा, तिच्याइतक्याच नवख्याचा, पॅच निवडला. ३२ बिटांच्या बांधणीत त्याची चाचणी पडत होती. तिने नोंद लिहिली, त्याने दोन दिवसांत अट सुधारून नवी आवृत्ती टाकली आणि त्या धाग्यावर आलेल्या जुन्या देखभालकर्त्याने त्याचा पॅच मंजूर करताना तिचाही वाचायला घेतला. तीन ठिकाणी हरकत काढली आहे त्यांनी. दोन तिला मान्य आहेत, तिसरीवर ती वाद घालते आहे.